दोनशेचा आकडा

आठवडाभर कचेरीच्या वाटेवर धावणारी मोटार सुट्टीच्या दिवशी शर्यतीच्या बंदिस्त मार्गावर न्यावी, तेथे शुल्क भरून वीस-वीस मिनिटांच्या चार-पाच सत्रांत ती मनसोक्त पळवावी, आणि सायंकाळी त्याच मोटारीने, त्याच चाकांवर, वाहतुकीचे सर्व नियम पाळीत घरी परतावे, असा जो छंद अमेरिकेत, इंग्लंडात व जर्मनीत गेल्या काही दशकांत चांगलाच रुजला आहे, त्याला तिकडे ‘ट्रॅक डे’ म्हणतात. येथे बक्षीस नसते, क्रमांक नसतो, आणि अनेक ठिकाणी घड्याळ लावण्याचीही मनाई असते. एवढ्यावरून हा निरुपद्रवी विरंगुळा वाटेल. परंतु या छंदाचा सगळा भार ज्यांच्यावर पडतो त्या टायरांच्या निवडीत हौशी मनुष्य जितका पैसा आणि जितकी मनःशांती घालवतो, तितकी तो बहुधा दुसऱ्या कोणत्याही बाबतीत घालवत नसेल. त्याला दोन्ही डगरींवर हात ठेवायचा असतो. टायर रस्त्यावर कायदेशीर हवा, पावसात शाबूत राहणारा हवा, आणि वळणावर मात्र तो शर्यतीच्या टायराप्रमाणे चिकटला पाहिजे.

टायराविषयी सर्वसाधारण विधान करू गेल्यास ते लगेच पोकळ होते, म्हणून एक विशिष्ट गाडी आणि एक विशिष्ट मार्ग समोर ठेवलेला बरा. गाडी माझ्दा एमएक्स-५, १९८९ पासून चालत आलेली, दोन आसनांची, उघड्या टपाची, मागील चाकांवर चालणारी, आणि चौथ्या पिढीतही वजन अकराशे किलोच्या आत राखलेली. मार्ग कॅलिफोर्नियातील मॉन्टरेजवळचा लागुना सेका, जो सॅन होजेच्या परिसरात स्थायिक झालेल्या मराठी अभियंत्यांना सव्वा-दीड तासाच्या अंतरावर आहे. त्याच्या जन्माची हकीकत सांगण्यासारखी आहे. १९५० पासून जवळच्याच पेबल बीच येथे पाइनच्या वनातून जाणाऱ्या रस्त्यांवर शर्यती होत असत. १९५६ साली अर्नी मॅकाफी हा चालक झाडावर आदळून मृत्युमुखी पडला, आणि त्या वनातील शर्यती कायमच्या बंद झाल्या. तेव्हा स्थानिक मंडळींनी फोर्ट ऑर्ड या लष्करी तळाच्या जमिनीवर बंदिस्त मार्ग बांधण्याची तजवीज केली आणि १९५७ च्या नोव्हेंबरात तेथे पहिली शर्यत झाली. सुमारे ३.६ किलोमीटर लांबी, अकरा वळणे, आणि ‘कॉर्कस्क्रू’ नावाच्या प्रसिद्ध जोडवळणात एकदम अठरा मीटरांचा उतार, असे त्याचे स्वरूप असून गाड्या तेथे घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतात, ही गोष्ट पुढे कामाची आहे.

रबराची पकड ही एकेरी गोष्ट नव्हे. रबराचे रेणू डांबराच्या पृष्ठभागाला क्षणभर चिकटतात, हे तिचे एक अंग. आणि खडीचे बारीक उंचवटे रबरात रुतून पुढे सरकतात तेव्हा दबलेले रबर पूर्ववत व्हायला किंचित विलंब लावते, त्या विलंबात काही ऊर्जा उष्णतेच्या रूपाने खर्ची पडते आणि तेवढाच अटकाव घसरणीला होतो, हे तिचे दुसरे अंग. म्हणजे जे रबर अधिक ऊर्जा गिळते ते अधिक धरते, अधिक तापते, आणि मऊ असल्यामुळे बहुधा लवकर झिजते. यांतील एक गुण ठेवून बाकीचे दोन टाळणे रसायनशास्त्राला आजवर पुरते साधलेले नाही. शिवाय पकड स्वतःच तापमानाच्या अधीन असते. उन्हाळी जातीचा टायर सातएक अंश सेल्सियसखालच्या थंडीत कडक व निर्जीव होतो. तापत गेला की त्याची पकड वाढत जाते. आणि एका मर्यादेपलीकडे तापला की पृष्ठभाग तेल लावल्यासारखा बुळबुळीत होऊन गाडी प्रत्येक वळणावर थोडी-थोडी बाहेर सरकू लागते. टायराटायरांत फरक पडतो तो मुख्यतः ही अनुकूल मर्यादा कोठे सुरू होते, कोठे संपते आणि किती रुंद आहे, यात. दुकानदाराला विचारण्यासारखा खरा प्रश्न हाच असला तरी त्याचे उत्तर टायरावर कोठेही छापलेले नसते.

जे छापलेले असते, त्याची कथा मोठी रंजक आहे. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या मोटारीच्या टायराच्या बाजूवर मापाच्या जोडीला तीन दाखले कोरलेले आढळतात: झिजेचा अंक, ओल्या रस्त्यावरील पकडीची श्रेणी आणि उष्णता सोसण्याची श्रेणी. ग्राहकाला टायरांची तुलना करता यावी म्हणून अशी एकसारखी प्रतवारी लावावी, असा हुकूम १९६६ च्या वाहनसुरक्षा कायद्याने केला, आणि मध्यंतरी कज्जेदलाली होऊन सत्तरच्या दशकाच्या अखेरीस तिचा अंमल सुरू झाला. झिजेची परीक्षा टेक्सासातील सॅन अँजेलो या शहराभोवतालच्या सुमारे ६४० किलोमीटरांच्या ठरीव वेढ्यावर होते. तेथे प्रमाण म्हणून मुक्रर केलेल्या टायराबरोबर नवे टायर ताफ्याने एकंदर साडेअकरा हजार किलोमीटर चालवतात, नक्षीची उरलेली खोली मोजतात, आणि प्रमाण-टायराला १०० अंक देऊन त्याच्या मानाने नव्याचे आयुष्य वर्तवतात. हिशेबाने २०० अंकाचा टायर त्या रस्त्यावर प्रमाण-टायराच्या दुप्पट टिकावा.

मेख अशी की हा अंक सरकार देत नाही. परीक्षा करवणारा निर्माता, अंक ठरवणारा निर्माता आणि तो साच्यात कोरणाराही निर्माताच. सरकारी खाते फार तर पडताळणी करते. टायरावरील ‘डॉट’ या शिक्क्याचेही तेच. परिवहन खात्याचे नाव धारण करणारा हा शिक्का पाहून अनेकांना वाटते की सरकारने हा टायर तपासून मंजूर केला; वस्तुतः तो निर्मात्याने स्वतःच्या जबाबदारीवर दिलेला हमीचा कागद आहे. पकडीची श्रेणी काढताना चाक जाम करून ओल्या डांबरावर व काँक्रीटवर सरळ रेषेत टायर ओढतात, त्यामुळे ‘एए’ ही सर्वोच्च श्रेणी मिळालेला टायर वळणावर कसा वागेल याविषयी ती श्रेणी एक अक्षरही सांगत नाही. ज्याने केवळ या तीन दाखल्यांवरून ट्रॅकसाठी टायर निवडला, त्याने जन्मतारीख पाहून गवई निवडला असे म्हणावे लागेल.

परंतु या ग्राहकोपयोगी अंकाच्या नशिबी निराळीच कामगिरी लिहिलेली होती. हौशी स्पर्धा भरवणाऱ्या मंडळांपुढे जुनीच अडचण होती: जो अधिक पैसा ओतून अधिक मऊ टायर आणील तोच जिंकणार, आणि मग बाकीच्यांनाही खिशाला चाट लावून तसेच टायर आणणे भाग पडणार. कायदेशीर शिक्का असूनही केवळ शर्यतीसाठीच बनवलेले टायर बाजारात होतेच. हूझिअरच्या अशा टायरांवर झिजेचा अंक अवघा ४० असतो, तर टोयोच्या ‘आर८८८आर’वर १००. त्यांना कोठे आळा घालावा? रबराची परीक्षा मैदानावर घेणे अशक्य, पण बाजूवर कोरलेला अंक कोणालाही वाचता येतो. म्हणून ‘स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका’ने आपल्या ऑटोक्रॉस स्पर्धांच्या रस्ता-वर्गासाठी किमान २०० अंकाची अट घातली, इतर मंडळांनीही तोच शिरस्ता उचलला, आणि पाहता पाहता दोनशे हा आकडा टायर-कारखान्यांच्या आराखड्यात जाऊन बसला. ज्या निर्मात्याला हा बाजार हवा होता त्याने नेमका दोनशे अंक कोरता येईल, पण पकड मात्र पूर्वीच्या शंभरीतल्या टायरांशी टक्कर देईल, असे रबर घडवायला आरंभ केला. ब्रिजस्टोनचा ‘पोटेंझा आरई-७१आर’, योकोहामाचा ‘अ‍ॅडव्हान ए०५२’, फाल्कनचा ‘आझेनिस आरटी६६०’, हँकूकचा ‘व्हेंटस आरएस४’, हे सर्व कागदोपत्री दोनशेचेच. कायदा मोडला कोणी? कोणीच नाही. पण टिकाऊपणा सांगण्यासाठी जन्मलेला अंक आता टिकाऊपणाखेरीज बाकी सर्व काही सांगतो.

शिवाय या दोनशेच्या एकाच पताकेखाली दोन भिन्न पंथ नांदतात, आणि नवख्याची फसगत होते ती येथेच. ऑटोक्रॉस म्हणजे मोकळ्या वाहनतळावर शंकू मांडून केलेली मिनिटाभराची कसरत. तेथे टायर पहिल्याच वळणाला तयार पाहिजे, आणि मिनिटानंतर त्याचे काय होते याच्याशी कोणाला कर्तव्य नसते. उलट कित्येक तास चालणाऱ्या हौशी सहनशक्तीच्या शर्यतींत टायर सावकाश तापला तरी चालेल, पण दिवस मावळेपर्यंत त्याने एकसारखे वागले पाहिजे. वर सांगितलेल्यांपैकी ब्रिजस्टोन आणि योकोहामा हे पहिल्या पंथाचे, तर हँकूक दुसऱ्याचा, असा जाणकारांचा अनुभव आहे. लागुना सेकावर एमएक्स-५ला एका फेरीस पावणेदोन ते दोन मिनिटे लागतात. म्हणजे वीस मिनिटांच्या सत्रात दहाएक फेऱ्या. ऑटोक्रॉससाठी घडवलेला टायर दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत अप्रतिम धावतो आणि पाचव्या-सहाव्यापासून रुसतो. मासिकांतील तक्त्यांत मात्र त्याची ती सर्वोत्तम फेरीच छापून येते आणि तीच वाचून लोक मागणी नोंदवतात.

माझे स्पष्ट मत असे की ज्याचे हे पहिलेच वर्ष आहे त्याने दोनशेच्या आकड्याकडे फिरकूच नये. मिशेलिनच्या ‘पायलट स्पोर्ट ४एस’सारख्या, तीनशे अंकाच्या, उत्तम रस्त्याच्या उन्हाळी टायरावर त्याने आरंभ करावा. कारण काटकसरीचे आहेच, पण त्याहून महत्त्वाचे कारण शिक्षणाचे आहे. रस्त्याचा टायर आपल्या मर्यादेपाशी येण्याआधी कुरकुरतो, मग किंचाळतो, आणि मर्यादा ओलांडल्यावरही पकड एकदम न सोडता हळूहळू सोडतो. अधिक चिकट टायर बराच काळ मूग गिळून बसतो आणि सोडतो तेव्हा तडकाफडकी, अधिक वेगात सोडतो. ज्याला सुकाणूची चूक कानाने ऐकायला मिळते तो ती दुसऱ्या फेरीत सुधारतो; ज्याच्या चुका टायरच परस्पर झाकून टाकतो त्याला वर्ष उलटले तरी आपण काय चुकीचे करतो याचा पत्ता नसतो. दुसरे असे की पकड वाढली की वेग वाढतो, वेग वाढला की ब्रेक अधिक तापतात, आणि मग पॅड बदला, ब्रेकचे तेल बदला, असा खर्चाचा ससेमिरा मागे लागतो. नुसते टायर बदलले असे या छंदात कधी होत नाही.

आता टायर प्रत्यक्ष हातात घेऊन पाहू. सत्र संपवून आलेल्या एमएक्स-५च्या उजव्या पुढच्या चाकापाशी बसावे. मार्ग उलट दिशेने फिरणारा, म्हणून डावी वळणे अधिक, आणि डाव्या वळणात गाडीचा भार उजव्या बाजूवर येतो. त्यामुळे चारांत अधिक सोसतो तो हाच टायर. त्याच्या बाहेरच्या कडेला हात लावला तर रबर अजून चटका देण्याइतके गरम असते, त्यावर मार्गावरील इतरांच्या टायरांचे तुकडे व वाळू चिकटलेली असते, आणि नक्षीच्या ठोकळ्यांच्या कडा एका दिशेने गुळगुळीत व दुसऱ्या दिशेने धारदार झालेल्या बोटांना जाणवतात. पुष्कळ टायरांवर नक्षी जेथे संपून बाजू सुरू होते तेथे एक इवलासा त्रिकोण कोरलेला असतो. रबर घासल्याची खूण त्या त्रिकोणाच्या टोकापर्यंत पोचून थांबली असेल तर हवा जवळपास योग्य. ती त्रिकोण ओलांडून बाजूवर उतरली असेल तर टायर वळणात आडवा लोळतो आहे, हवा कमी आहे किंवा चाकाचा झुकाव अपुरा आहे, असे समजावे. कंपनीतून गाडी निघते तेव्हा चाकांना दिलेला आतला झुकाव, ज्याला कॅम्बर म्हणतात, तो रस्त्याच्या सोयीने अल्प ठेवलेला असतो. ट्रॅकवर जाणारे लोक तो दोन-अडीच अंशांपर्यंत वाढवून घेतात. हे न करता महाग टायर घालणाऱ्याचे टायर बाहेरच्या कडेवर गोटा होतात आणि आतली निम्मी नक्षी नवीकोरी राहून जाते. मोठ्या रकमेचे टायर घेण्यापूर्वी अलाइनमेंटवाल्याला थोडी रक्कम दिलेली केव्हाही बरी.

नव्या टायराची नक्षी खोल असते, आणि हीच त्याची ट्रॅकवरील दुर्बलता ठरते. उंच ठोकळे वळणात वाकतात, त्या वाकण्याने आतून तापतात, आणि फार तापले की त्यांचे लचके तुटून निघतात. म्हणून शर्यतवाले पूर्वापार नवे टायर यंत्रावर तासून नक्षी उथळ करून घेत आले आहेत. पैसे देऊन विकत घेतलेले रबर पैसे देऊनच खरवडून टाकण्याची ही रीत आपल्याकडील कोणत्याही गृहिणीला पटणार नाही. हौशी माणसाने त्याऐवजी नवा टायर हजार-दोन हजार किलोमीटर रस्त्यावर वापरून मग ट्रॅकवर न्यावा.

हवेच्या दाबाची गोष्ट सोपी, पण सर्वांत दुर्लक्षित. एमएक्स-५च्या दारावरील पट्टीत २९ पौंडांच्या आसपास आकडा दिलेला असतो, तो थंड टायरासाठी. बंद जागेतील हवा तापली की दाब वाढतो. साधारण सहा-सात अंश तापमानामागे एक पौंड, या हिशेबाने टायर पंचेचाळीस अंशांनी तापला तर सात पौंड वाढ सहज होते, म्हणजे २९चे ३६ होतात, टायर मधोमध फुगतो आणि त्याचा जमिनीशी संपर्क घटतो. यास्तव प्रत्येक सत्रानंतर टायर गरम असतानाच मोजून जादा हवा सोडायची असते. नायट्रोजन भरून घेण्याचा जो आग्रह काही जण धरतात त्यात फारसे तथ्य नाही, कारण साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. फायदा होतो तो कोरडेपणाचा. मात्र दिवसभर हवा सोडत गेलेला मनुष्य संध्याकाळी तसाच महामार्गाला लागला तर टायर थंड होताच त्यांत बावीस-तेवीस पौंडच उरतात, आणि अपुऱ्या हवेवर दीड तास धावणे हे ट्रॅकवरील कोणत्याही वळणापेक्षा टायराला अधिक घातक असते. छोटा पंप सोबत ठेवावा.

पावसाविषयी थोडक्यात. कॅलिफोर्नियात पाऊस हिवाळ्यात पडतो, आणि ट्रॅकचे शुल्क आगाऊ भरलेले असल्यामुळे लोक पावसातही जातात. चाळिशी-शंभरीच्या टायरांवर खाचा नावापुरत्याच असल्याने साचलेले पाणी बाहेर पडत नाही व चाक पाण्यावर तरंगते. असे टायर घरून घालून जाऊ नयेत, ज्याला ते हवेतच त्याने चाकांचा दुसरा संच बाळगावा. दोनशेच्या वर्गातील काही टायर पावसात अगदी समाधानकारक वागतात, परंतु अर्धे झिजल्यावर नव्हे.

आपल्याकडे येता चित्र बदलते. मद्रासजवळच्या शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर पन्नाशीच्या दशकापासून शर्यती होत असत. पुढे चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टै, कोईमतूरचा करी, आणि २०११ साली ग्रेटर नॉयडाचा ५.१२५ किलोमीटरांचा बुद्ध मार्ग, अशी मोजकी ठिकाणे झाली. भारतीय कायद्याला झिजेचा अंक ठाऊक नाही. त्याला आयएसआयचा शिक्का आणि किमान १.६ मिलिमीटर नक्षी लागते. त्यातच जून २०२० मध्ये केंद्र सरकारने नव्या टायरांची आयात खुल्या यादीतून काढून परवान्याखाली आणल्यामुळे वर नावे घेतलेल्यांपैकी बरेचसे टायर येथील हौशी माणसाला दुकानात सहजी मिळत नाहीत. मला यात फारसे दुःख वाटत नाही. दक्षिणेतल्या दुपारी डांबर इतके तापते की चटकन तापणाऱ्या टायराचा गुण हाच त्याचा दोष ठरावा. येथे चांगला, ताठ बाजूचा, रस्त्याचा उन्हाळी टायर आणि पहाटेचे सत्र, ही जोडी अधिक शहाणपणाची. फक्त १.६ मिलिमीटरांच्या नियमावर विसंबू नये, कारण झिजेची खूण दाखवणारे उंचवटे खाचांच्या तळाशी असतात आणि ट्रॅक खातो ती बाहेरची कड, त्यामुळे मधल्या खाचांत कायदा शाबूत असतानाच कडेला आतले धागे दिसू लागलेले असू शकतात. पुण्याहून कोईमतूरला गाडी स्वतः चालवत गेलेल्याला परत यायला हजार किलोमीटरांहून अधिक रस्ता कापायचा असतो, आणि जून लागला असेल तर तोही पावसातून. कडेची नक्षी तीन मिलिमीटरांवर आली की पैसे भरलेले असले तरी उरलेली सत्रे सोडून द्यावीत.